सोबतीने कापलेली वाट : मंगरूळपीर परिसरातील समूहप्रवास

पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन, मोजक्या पैशांत आणि चार सोबत्यांच्या संगतीने अनोळखी मुलखात हिंडण्याला आज बॅकपॅकिंग म्हणतात. हाच प्रवास मोटारीने, मनाला येईल तेथे थांबत केला की त्याला रोड ट्रिप हे नाव मिळते. या दोन्ही प्रकारांचा इतिहास सांगताना बहुधा पाश्चात्त्य जगाकडे बोट दाखवले जाते. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने 1912 मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पायी भटकणाऱ्या तरुणांसाठी पहिले कायम वसतिगृह उभारले, 1960 च्या दशकात युरोपातील तरुणांचे तांडे खुष्कीच्या मार्गाने काबूलवरून भारत-नेपाळपर्यंत येऊ लागले, आणि याच मार्गावरील स्वस्त प्रवासाची पुस्तिका टोनी व मॉरीन व्हीलर या दांपत्याने 1973 मध्ये छापून एका मोठ्या प्रकाशनव्यवसायाचा पाया घातला, हा तो क्रम. तो चुकीचा नाही, पण हौशी प्रवासापुरताच खरा आहे. वऱ्हाडच्या घाटमाथ्यावरील मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे आजही रेल्वे पोहोचलेली नाही, सोबत्यांसह केलेल्या दीर्घ प्रवासाची परंपरा याहून पुष्कळ जुनी असून तिच्यात सोबत ही मौज नव्हे, तर प्रवास शक्य करणारी यंत्रणा होती.

ही यंत्रणा का लागत असे, हे समजण्यासाठी प्रथम येथील भूमी पाहिली पाहिजे. जुन्या वऱ्हाडचे दोन नैसर्गिक भाग मानले जात: पूर्णा नदीचे सपाट, सुपीक खोरे म्हणजे पयनघाट, आणि त्याच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेले पठार म्हणजे बालाघाट. मंगरूळपीर हे बालाघाटातले. वाशीम जिल्ह्याच्या या पठारावर पडणाऱ्या पावसाचे पाणी दोन विरुद्ध दिशांना जाते. काटेपूर्णा उत्तरेकडे उतरून पूर्णेला मिळते आणि तापीवाटे अरबी समुद्र गाठते, तर अडाण व अरुणावती या नद्या पैनगंगेच्या दिशेने जाऊन वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागराला पोहोचतात. दोन नद्यांची खोरी वेगळी करणाऱ्या अशा उंचवट्याच्या रेषेला पाणलोट-दुभाजक म्हणतात. पायी किंवा बैलावर माल लादून जाणाऱ्याला ही रेषा सोयीची असते, कारण तिच्यावरून चालताना मोठे नदीपात्र ओलांडावे लागत नाही आणि पायाखाली बहुधा मुरमाड, निचऱ्याची जमीन असते. याउलट खोऱ्यातील काळी माती, जी बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे, तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. उन्हाळ्यात जिच्यात हातभर भेगा पडतात तीच जमीन पावसाळ्यात चाकाला आणि खुराला सोडत नाही. त्यामुळे डांबरी रस्ते होण्यापूर्वी या प्रदेशातील लांबचा प्रवास हा मुख्यतः दिवाळीनंतर सुरू होऊन मृगापूर्वी संपणारा, कोरड्या ऋतूतला उद्योग होता.

या उद्योगातील सर्वांत मोठे प्रवासी म्हणजे बंजारा. रेल्वेपूर्व काळात धान्य, मीठ आणि इतर जड माल एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेण्याचे काम त्यांचे बैल करीत, आणि या व्यवसायाला ते लदेणी म्हणत. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबतील अशा गोणी टाकल्या जात. गाडी नसल्यामुळे बांधीव रस्त्याची, पुलाची किंवा घाटातील खोदकामाची गरज पडत नसे. सतराव्या शतकात भारतात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिल्याचे नमूद केले असून, अरुंद वाटेवर असा काफिला समोरून आला तर तो पूर्ण निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावे लागते, अशी त्याची तक्रार आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी यानेही 1632 मध्ये उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा तांडा भेटल्याचे लिहिले आहे. या दोघांची निरीक्षणे वऱ्हाडातली नाहीत, परंतु तांड्याची रचना सर्वत्र सारखीच असल्यामुळे त्यांवरून वऱ्हाडातील वाटांवरच्या व्यवहाराचीही कल्पना येते.

तांडा म्हणजे केवळ मालवाहतुकीचा काफिला नव्हे. तो चालते गाव होता. स्त्रिया, मुले, म्हातारी माणसे, राखणीची कुत्री, स्वयंपाकाची भांडी, सगळे बरोबर असे, आणि परत जाण्यासाठी मागे एखादे घर उरलेले नसे. तांड्याचा प्रमुख तो नायक, त्याच्या हाताखाली कारभारी, आणि आपसातील तंटे सोडवण्यासाठी नसाब नावाची पंचायत. कधी निघायचे, कोणत्या पाणवठ्यावर उतरायचे, कोणत्या संस्थानिकाच्या हद्दीत किती जकात द्यायची आणि माल कोठे विकायचा, हे नायक ठरवी. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात, तांड्याच्या अग्रभागी चालणाऱ्या एका पवित्र बैलाचे वर्णन आहे. त्याच्यावर ओझे लादत नसत, त्याला घंटा आणि कवड्यांनी सजवीत, आणि तो जेथे बसेल तेथे मुक्काम करीत. या प्रथेकडे निव्वळ श्रद्धा म्हणून पाहिले जाते, पण तिच्यात व्यवहाराची जाणही दिसते. शेकडो जनावरांच्या काफिल्यात पुढे किती चालायचे, यावर रोज वाद होऊ शकतो, आणि निर्णय थकव्याच्या पहिल्या खुणेवर, शिवाय कोणाचाही हितसंबंध नसलेल्या प्राण्यावर सोपवला की तो वादच मिटतो. एकत्र प्रवासाला निघालेल्या आजच्या मंडळींचे बहुतेक रुसवेफुगवे ‘अजून पुढे जायचे की येथेच थांबायचे’ या एकाच प्रश्नावरून होतात, हे पाहिले म्हणजे या बैलाची योग्यता पटते.

लष्करालाही तांडे लागत. 1803 च्या इंग्रज-मराठे युद्धात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याची धान्याची मदार मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांवर होती. त्याच मोहिमेत 29 नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील आडगावची लढाई झाली आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. भुसावळकडून आलेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला आणि पयनघाटातील कापूस व धान्य आगगाडीने जाऊ लागले, तेव्हा लदेणीचा कणा मोडला. पुढे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, ज्याचे स्थिर घर नाही तो संशयित, ही दृष्टी राज्यकारभारात रुजवली. महाराष्ट्रात बंजारा समाजाची गणना आज विमुक्त जातींमध्ये होते ती याच इतिहासामुळे. फिरते तांडे पाणवठ्यांजवळ, माळरानावर कायमचे विसावले, आणि वाशीम-यवतमाळ भागात गावाच्या नावामागे आजही ‘तांडा’ हा शब्द दिसतो तो अशा शेवटच्या मुक्कामांचा. मंगरूळपीरला लागून असलेल्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म 1739 चा, आणि ते स्वतः लदेणी करणाऱ्या घराण्यातले. रामनवमीच्या यात्रेला देशाच्या अनेक राज्यांतून बंजारा समाज येथे लोटतो. 5 ऑक्टोबर 2024 रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले असून, त्याची इमारत नगाऱ्याच्या आकाराची आहे.

व्यापारी तांड्याखेरीज आणखी एका प्रकारचे प्रवासी या वाटांवर होते. मंगरूळपीर या नावातला पीर म्हणजे येथील प्रसिद्ध दर्ग्यातले दादा हयात कलंदर. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ दस्तगीरपासून हे गाव वेगळे ओळखता यावे, यासाठीही या जोडनावाचा उपयोग होतो. कलंदर हा सुफी परंपरेतला, घर-मालमत्ता आणि लौकिक शिष्टाचार यांचा त्याग करून सतत भटकणारा फकिरांचा पंथ. मध्य आशिया आणि इराणपासून दख्खनपर्यंत तो पसरला तो पायी चालणाऱ्या माणसांमुळे. याच गावात नाथपरंपरेतील बिरबलनाथ महाराजांचेही स्थान आहे, आणि नाथपंथी जोगीही मुळात भटकेच. ज्या गावाची दोन्ही श्रद्धास्थाने फिरस्त्यांशी नाते सांगतात, ते गाव वाटेवरचे होते, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा प्रकार आजही जिवंत आहे, तो दिंडीचा. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर असा घाट चढून वाशीम जिल्ह्यात मेडशी, मालेगाव, शिरपूर आणि रिसोड या मार्गाने जाते, आणि पुढे परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर, मंगळवेढा करीत सुमारे साडेसातशे किलोमीटरची वाट महिनाभराहून थोड्या अधिक काळात पायी पुरी करते. मंगरूळपीर या वाटेवर नाही, पण तालुक्यातील वारकऱ्यांना ती दूर नाही. संघटनेच्या दृष्टीने दिंडी आणि तांडा यांत विलक्षण साम्य आहे. ओळीतली जागा ठरलेली असते, पताकाधारी पुढे, मग टाळकरी, मध्ये मृदंग आणि वीणेकरी, असा क्रम असतो. सामानाची गाडी मुक्कामी आधी पोहोचते, आणि जेवणखर्चासाठी प्रत्येकाने आरंभीच भरायची ठरावीक रक्कम, म्हणजे भिशी, असते. पैशाचा प्रश्न पहिल्याच दिवशी संपल्यामुळे पुढे कोणी कोणाचा हिशेब काढीत नाही. तरुणांच्या सहलींत ‘तुझे तू, माझे मी’ या तत्त्वावर प्रत्येक चहाचा हिशेब मोबाइलमध्ये टिपला जातो. त्यात काटेकोरपणा अधिक असेल, पण समाधान भिशीतच अधिक आहे. चालण्याची लयही येथे सामूहिक असते: टाळ आणि अभंग यांच्या ठेक्यावर पडणारी पावले एकट्याच्या पावलांपेक्षा कमी थकतात, हा वारकऱ्यांचा अनुभव आहे.

मात्र या सोबतीला आदर्श बंधुभाव समजण्याची घाई करू नये. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवरील आपल्या अनुभवावर लिहिताना, एकाच दिंडीत अभंग एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, हे दुःखाने नोंदवले होते. आणि सोबत्याकडून होणारा धोकाही जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठगांविषयी जी कागदपत्रे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जमवली, त्यांतून दिसणारी कार्यपद्धती अशी की, ठग हे वाटसरूंना आडरानात गाठत नसत, तर आधी त्यांचे सहप्रवासी बनत, दिवसेंदिवस बरोबर चालत, विश्वास मिळवत आणि मग घात करीत. 1836 मध्ये ठगीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. ठगांचे हे चित्र कंपनी सरकारने किती फुगवले, याबद्दल अलीकडच्या इतिहासकारांत वाद आहे. परंतु वाटेवर अनोळखी माणसाची सोबत घ्यावी तर लागे आणि तिची भीतीही वाटे, एवढे त्यातून नक्की कळते. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये आपल्या काकांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून वारंवार लुटले गेले. 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या त्यांच्या वृत्तांतात काका-पुतण्याची जोडी टिकली म्हणूनच प्रवास पार पडला, हे पानोपानी जाणवते. भरवशाचा एक सोबती शंभर अनोळखी सोबत्यांहून मोलाचा, हा हिशेब त्या काळच्या प्रत्येक वाटसरूला ठाऊक होता.

या सगळ्या वाटांवर आता एक नवा रस्ता आडवा आला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग हा 701 किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा द्रुतगती मार्ग वाशीम जिल्ह्यात कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून जातो, आणि मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार येथे त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. त्याचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा असल्यामुळे, मुंबई जी पूर्वी मंगरूळपीरकरांना रात्रभराच्या प्रवासाशिवाय गाठता येत नसे, ती आता दिवसाउजेडी पोहोचण्याच्या टप्प्यात आली. हा रस्ता कारंजा-सोहोळ या काळविटांच्या अभयारण्यातून आणि काटेपूर्णा अभयारण्याच्या सान्निध्यातून जात असल्याने वन्य प्राण्यांसाठी त्यावर आणि त्याखाली खास ओलांडण्या बांधाव्या लागल्या. पादचारी, बैलगाडी, सायकल आणि दुचाकी यांना मात्र त्यावर मज्जाव आहे. म्हणजे या पठारावर शतकानुशतके ज्यांनी वाटा पाडल्या, त्या प्रवाशांना, तांड्याला, फकिराला आणि दिंडीला, येथे जागा नाही.

अशा रस्त्यावर सोबतीची गरज संपली, असे वरवर वाटते. वस्तुतः ती वेगळ्या रूपात परतली आहे. सरळ, एकसुरी, अडथळ्याविना धावणाऱ्या मार्गावर चालकाचे डोळे उघडे असतात, हात चाकावर असतात, पण मेंदू जवळजवळ स्वयंचलित होतो आणि मागील कित्येक मिनिटांचा प्रवास त्याच्या स्मरणात राहत नाही. या अवस्थेला रस्ता-संमोहन म्हणतात, आणि झोप न लागताही ती झोपेइतकीच घातक ठरते, कारण अचानक उद्भवलेल्या प्रसंगाला प्रतिसाद देण्यास होणारा सेकंदभराचा उशीर ताशी 120 किलोमीटरच्या वेगात 33 मीटर अंतराएवढा असतो. समृद्धी खुला झाल्यानंतर त्यावरील अपघातांच्या चर्चेत टायरची झीज आणि चालकाचा थकवा यांबरोबर या संमोहनाचाही उल्लेख वारंवार झाला. येथे शेजारच्या आसनावर बसलेला जागा सोबती हा सुरक्षेचा भाग होतो. अनुभवी चालकाबरोबर प्रवासी असल्यास अपघाताची शक्यता कमी होते, असे वाहतूकविषयक संशोधनात आढळले आहे. परंतु नुकतेच चालवायला शिकलेल्या कोवळ्या वयाच्या चालकाबरोबर त्याच्याच वयाचे मित्र असले की धोका वाढतो, हेही त्याच संशोधनाने दाखवले आहे. एकाला जागे ठेवणारी संगत दुसऱ्याला चेव आणते. म्हणून लांबच्या प्रवासात पुढच्या आसनावरील माणसाने झोपू नये, दर दोन तासांनी चालक बदलावा किंवा निदान गाडी तरी थांबवावी, आणि निघण्यापूर्वी टायरमधील हवा तपासावी, या गोष्टी तांड्यातील पहाऱ्याच्या पाळ्यांइतक्याच गांभीर्याने ठरवायला हव्यात.

देखण्या मुलखातून सोबत्यांसह फिरू इच्छिणाऱ्याने मंगरूळपीरहून मुंबईची वाट धरण्याचे खरे तर कारण नाही. एका बाजूला पोहरादेवी, दुसरीकडे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन भट्टारकांची जुनी गादी असलेले कारंजा, पश्चिमेस अंतरिक्ष पार्श्वनाथाचे शिरपूर, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच वाशीम, आणि थोडे पुढे बुलढाणा जिल्ह्यात लोणार, जेथे बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्यातील खारे सरोवर आहे व ज्याला 2020 मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. एवढे सगळे चार-पाच दिवसांच्या निवांत फेरीत बसते. माघ-फाल्गुनात सागाची पानगळ झालेली असते आणि माळावरचे पळस फुललेले असतात, तेव्हा या पठाराचे रूप सर्वांत उठावदार दिसते; श्रावणात ते हिरवे असते, पण पायवाटांवर काळी माती अजूनही आपला जुना स्वभाव सोडत नाही. मोटार नसली तरी अडत नाही. राज्य परिवहन महामंडळाचे मंगरूळपीर येथे आगार आहे, आणि ‘आवडेल तेथे प्रवास’ या योजनेचा चार किंवा सात दिवसांचा पास काढला की वाटेल तेथे उतरून, वाटेल त्या पुढच्या गाडीने जाता येते. पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्याला याहून योग्य व्यवस्था महाराष्ट्रात दुसरी नाही, आणि तिचा उपयोग तरुण मंडळी इतका कमी करतात याचे नवल वाटते.

पिशवी भरण्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. सामान शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे; जड वस्तू पाठीच्या मध्यभागी, कण्याच्या लगत ठेवावी आणि कमरेचा पट्टा घट्ट आवळावा, म्हणजे भार खांद्यांवरून निघून कटीच्या हाडांवर येतो. समूहाने निघताना तंबू, भांडी, औषधे अशा सामाईक वस्तूंची वाटणी आधीच करावी, आणि सर्वांत मंद चालणाऱ्याला पुढे ठेवावे. मागे ठेवले तर तो दर विसाव्याला सर्वांत शेवटी पोहोचतो, तोवर इतरांची विश्रांती संपलेली असते, आणि ज्याला ती सर्वाधिक हवी असते त्यालाच ती मिळत नाही.

या भागातील जुन्या वाटांचा अभ्यास मात्र फारसा झालेला नाही. लदेणीचे मार्ग, तांड्यांचे पाणवठे, घाट उतरण्याच्या जागा आणि धर्मशाळा यांची माहिती बंजारा समाजाच्या गोरबोलीतील गीतांत, वृद्धांच्या बोलण्यात आणि गावोगावच्या नावांत विखुरलेली आहे. मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा येथील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांचे लहान गट करून या वाटा पायी चालत नकाशावर उतरवण्याचे काम हाती घ्यावे, आणि ते लवकर घ्यावे, कारण ज्यांनी लदेणीच्या गोष्टी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकल्या, ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे.